चंचल पोर आणि त्याची तंद्री

तुमच्या घरात किंवा भावकीत असा एखादा मुलगा आहे का, आठवून पाहा.

पुस्तक घेऊन बसवला की दहा मिनिटांत तीनदा उठतो. एकदा पाणी प्यायला, एकदा गोठ्यात काय वाजले ते बघायला, एकदा उगीचच. दुकानातून मीठ आणि काडेपेटी आणायला पाठवला तर मीठ आणतो, काडेपेटी विसरतो आणि उरलेले पैसे कुठल्या खिशात ठेवले तेही त्याला आठवत नाही. पावसाळा संपेपर्यंत दोन छत्र्या हरवतो. मोठी माणसे बोलत असली की मध्येच तोंड घालतो. गुरुजींची तक्रार ठरलेली: "हुशार आहे हो, पण ध्यान नाही."

आणि हाच मुलगा एखाद्या रविवारी बंद पडलेला फवारणीचा पंप उघडून बसतो. वायसर काढतो, नळी फुंकून बघतो, पुन्हा जोडतो, पुन्हा खोलतो. सकाळची दुपार होते. आई जेवायला तीनदा हाका मारते, त्याच्या कानापर्यंत एकही पोचत नाही. दिवस कलायच्या सुमाराला पंप सुरू होतो आणि तेव्हा कुठे त्याला भूक लागल्याचे कळते.

मग घरात एक वाक्य हमखास निघते: "बघा, मनात आलं की सगळं जमतंय याला. अभ्यासाचंच तेवढं सोंग आहे."

वाचकहो, आज या वाक्याविषयीच बोलायचे आहे. या एका वाक्यापायी कितीतरी मुलांनी मार खाल्ला आहे, कितीतरी जणांची शाळा सुटली आहे आणि मोठेपणीही ती माणसे स्वतःला आळशी, बिनकामाची समजत आली आहेत. वरवर पाहता वाक्य खरे वाटते. जो मुलगा पाच तास पंपाशी बसू शकतो तो अर्धा तास गणिताशी का बसत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

पाणी भरपूर, दारे हातात नाही

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर तिला 'ए.डी.एच.डी.' म्हणतात. हा मतिमंदपणा नाही आणि वेडही नाही. जगभरच्या पाहण्यांवरून शंभर मुलांत साधारण पाच मुलांमध्ये ही अवस्था आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी एक-दोन मुले असायचीच.

नावात 'कमतरता' हा शब्द आहे खरा, पण तोच घोटाळा करतो. या मुलांकडे ध्यान कमी असते असे नाही. ते हवे तिकडे वळवण्याची शक्ती कमी असते. आपल्या शेतातलाच दाखला घ्या. विहिरीला पाणी भरपूर आहे, मोटर चालू आहे, पाट वाहतो आहे. पण पिकाला पाणी नीट मिळते ते दारे धरणाऱ्यामुळे. कुठे याला दारे धरणे म्हणतात, कुठे बारे देणे म्हणतात. एक वाफा भरला की तो खोऱ्याने माती ओढून ते तोंड बंद करतो आणि पुढच्या वाफ्याचे तोंड फोडतो. पाणी त्याच्या हुकमाने चालते.

आता हा दारे धरणारा बांधावर पेंगतो आहे असे समजा. काय होईल? एक तर पाणी वाट फुटेल तिकडे जाईल, थोडे या सरीत, थोडे त्या सरीत, थोडे रस्त्यावर. नाहीतर एकाच वाफ्यात शिरेल, तो तुडुंब भरेल, बांध फोडील आणि बाकीचे रान कोरडे राहील. पाणी तेच आणि चूकही तीच, दिसायला मात्र दोन्ही उलट.

गणिताच्या वेळी इकडेतिकडे पळणारे मन ही पहिली गत. पंपापाशी पाच तास अडकलेले मन ही दुसरी. म्हणून पंपाचे उदाहरण देऊन "याला ध्यान देता येते, मुद्दाम देत नाही" असे म्हणणे चुकीचे आहे. गणितापाशी मन आणणे त्याच्या हातात नव्हते, तसेच पंपापासून मन सोडवणेही त्याच्या हातात नव्हते.

हे दारे धरण्याचे काम आपल्या मेंदूत कपाळामागचा भाग करतो. कामाची सुरुवात करणे, क्रम लावणे, मनाला आवर घालणे, वेळेचा अंदाज ठेवणे ही त्याची कामे. या भागातले निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांपैकी एकाचे नाव डोपामिन. एखादी गोष्ट आवडीची, नवी किंवा निकडीची असली की अशा मुलाचा मेंदू चटकन पेटतो. जिचे फळ चार महिन्यांनी किंवा चार वर्षांनी मिळायचे, तिच्यासाठी तो तसा पेटत नाही. पंप सुरू झाला की फळ लगेच हातात येते. पाढे पाठ करण्याचे फळ दहावीला मिळणार, ते त्याच्या मेंदूला फार लांबचे वाटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अशा मुलांच्या मेंदूचा वरचा थर इतर मुलांच्याच क्रमाने वाढतो, पण सरासरी तीन वर्षे मागाहून पक्व होतो, आणि हा उशीर पुढच्या भागात जास्त असतो असे त्यांना आढळले. म्हणून दहा वर्षांच्या अशा मुलाकडून इतर दहा वर्षांच्या मुलांइतका धीर मागणे हे मागास पेऱ्याच्या रानात आगाप पेऱ्याबरोबर कापणीला जाण्यासारखे आहे.

तंद्रीचे दोन्ही रंग

या अडकून पडण्याला आपल्याकडे तंद्री हा जुना शब्द आहे. डॉक्टर ज्या लक्षणांच्या यादीवरून निदान करतात तिच्यात तंद्री नाही. पण ही अवस्था घेऊन जगणारी बहुतेक माणसे तिच्याविषयी सांगतात. तंद्री सर्वांनाच लागते. भजनात लागते, विणकामात लागते. यांच्या तंद्रीत फरक एवढाच की तिला बोलावता येत नाही आणि घालवताही येत नाही.

तंद्रीचा चांगला रंग तुम्ही पाहिलाच आहे. यंत्र उघडणे, जनावरांची निगा, चित्र काढणे, ढोलकी, कुस्ती, कलमे बांधणे. ज्यात जीव रमला त्यात असा मुलगा वयाला न शोभेल एवढे शिकून जातो.

दुसरा रंगही पाहायला हवा. तंद्रीत भूक, तहान, लघवी कशाचेच भान राहत नाही. चुलीवरचे दूध उतू जाते, विहिरीवरची मोटर रात्रभर चालते, वासरू सोडायचे राहून जाते. कुणी एकदम हात धरून उठवले तर मुलगा चिडतो, रडतो, वस्तू फेकतो. तो उद्धटपणा नसतो. गाढ झोपेतून दचकून उठवल्यासारखे त्याला होते. आणि तंद्री उतरली की अंग गळून जाते.

मोबाईलचेही असेच आहे. "मोबाईलवर तीन तास बसतो, मग ध्यान कसे नाही?" असे पालक विचारतात. मोबाईलचे खेळ क्षणाक्षणाला नवे काहीतरी दाखवतात आणि लगेच बक्षीस देतात. ज्याचे दारे सैल, त्याचे पाणी तिकडे आधी वळणार. मोबाईलवर बसतो म्हणून मुलाला ही अडचण नाही असे ठरत नाही, आणि मोबाईल काढून घेतला म्हणजे अडचण गेली असेही होत नाही.

नाव नवे, अडचण जुनी

काहींना वाटेल, हे शहरातले नवे खूळ आहे. तसे नाही. स्कॉटलंडचे डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ सालच्या आपल्या ग्रंथात ध्यान न टिकणाऱ्या माणसांचे वर्णन केले आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत ४३ मुलांची हकीगत मांडली. बुद्धी चांगली, पण आवर नाही, अशी ती मुले होती. स्टिल यांनी या दोषाला नीतीशी जोडणारे नाव दिले. ते नाव पुढे मागे पडले. मुलाची नियत वाईट असते हा समज मात्र अजून आपल्या ओसरीवर बसून आहे.

१९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण काही मुले वर्गात शांत बसून अभ्यास करू लागली. मग त्यांनी ३० मुलांना ते औषध दिले, तेव्हा १४ मुलांच्या अभ्यासात ठळक फरक पडला. मुलांनीच त्या गोळ्यांचे नाव 'गणिताच्या गोळ्या' ठेवले. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते? ते औषध पेंगणाऱ्या दारेकऱ्याला जागे करते, म्हणून.

आज जे औषध जास्त वापरले जाते ते मेथिलफेनिडेट. स्वित्झर्लंडमधील एका औषध कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञाने १९४४ साली ते बनवले. त्याची बायको रीटा टेनिस खेळायची आणि खेळण्याआधी ते घ्यायची. तिच्याच नावावरून त्याचे नाव 'रिटालिन' पडले. या अवस्थेला १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात 'ध्यानाची कमतरता' असे नाव मिळाले आणि १९८७ साली आजचे नाव आले.

एका पोहणाऱ्याची आई

अमेरिकेतील बाल्टिमोर भागातला मायकेल फेल्प्स हा मुलगा घ्या. जन्म १९८५ चा. वर्गात तो एका जागी बसत नसे. "हा मुलगा कधीच कशावर ध्यान देऊ शकणार नाही" असे एका शिक्षिकेने त्याच्या आईला सांगितले होते. तो नऊ वर्षांचा असताना डॉक्टरांनी ए.डी.एच.डी.चे निदान केले. त्याची आई डेबी स्वतः शिक्षिका होती. तिने दोन गोष्टी केल्या. औषधोपचार घेतला, आणि मुलाचे पाणी कुठल्या वाफ्यात आपोआप जाते ते पाहिले. तो वाफा होता पोहण्याचा.

मुलाला वाचायचा कंटाळा, तर ती वर्तमानपत्रातले खेळाचे पान पुढे करायची. गणिताचा कंटाळा, तर गणित पोहण्याचे. एका सेकंदाला तीन मीटर पोहलास तर पाचशे मीटरला किती वेळ लागेल? खिडकीतून बाहेर बघणारे पोर बोटे मोजू लागायचे. पुढे काही वर्षांनी, डॉक्टरांशी बोलून, त्याचे औषध थांबवण्यात आले. पोहण्याचा रोजचा बांधलेला दिनक्रमच त्याचा आधार झाला.

तो पंधरा वर्षांचा असताना २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरला. २००८ साली बीजिंगला एकाच ऑलिंपिकमध्ये त्याने आठ सुवर्णपदके जिंकली. २०१६ सालापर्यंत त्याची एकूण पदके २८ झाली, त्यांतली २३ सोन्याची.

ही गोष्ट सांगताना एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक चंचल मूल फेल्प्स होत नाही, आणि व्हायलाच हवे असेही नाही. ही अवस्था म्हणजे दैवी देणगी आहे असे सांगणारेही भेटतात, त्यांचेही ऐकू नका. एवढी पदके जिंकूनही फेल्प्सला उदासीनतेच्या आजाराने गाठले होते, हे त्यानेच उघडपणे सांगितले आहे. घ्यायचे ते त्याच्या आईकडून. मुलाचे मन जिथे वळते तिथूनच तिने पाट काढला आणि कोरड्या वाफ्यांपर्यंत पाणी नेले.

दोष कुणाचा?

"आजीच्या लाडाने बिघडला," "बाप धाक लावत नाही," "ग्रहाची पीडा आहे," हे सारे तुम्ही ऐकले असेल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून शास्त्रज्ञ सांगतात, की या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे उंची जशी घराण्यात चालत येते, जवळपास तसेच हे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा जन्मतः वजन फार कमी असलेल्या बाळांमध्येही ते अधिक दिसते. लाडाने हे होत नाही आणि धाकाने जात नाही. घरातल्या कटकटीने ते वाढते, आणि शिस्तीच्या शांत घरात सुसह्य होते, एवढे खरे.

पूर्व आफ्रिकेत केनियाच्या उत्तर भागात आरिआल नावाचे पशुपालक लोक राहतात. त्यांच्यातले काही गुरे-उंट घेऊन फिरतात, काही गावे करून राहिले आहेत. डोपामिनशी संबंधित एका जनुकाचा एक प्रकार ए.डी.एच.डी. असलेल्यांत थोडा जास्त आढळतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की फिरत्या आरिआल पुरुषांत हा प्रकार असणारे अधिक धष्टपुष्ट होते, तर गाव करून राहिलेल्यांत तसे नव्हते, उलट त्यांच्यात तो असणारे थोडे कमी भरलेले दिसले. एका जनुकावरून सगळे ठरत नाही, हे ध्यानात ठेवा. पण विचार करायला लावणारी ही गोष्ट आहे. जो स्वभाव बाकावर बसून निभत नाही, तो कळपामागे उपयोगी पडतही असेल.

मुली, सुना आणि बापही

मुलगा धुडगूस घालतो म्हणून दिसतो. मुलगी बहुधा धुडगूस घालत नाही. ती खिडकीकडे बघत शांत बसते, वहीत अर्धे वाक्य लिहून थांबते, शेवटच्या बाकावर कुणाच्या नजरेत येत नाही. 'वेंधळी' म्हणून तिची शाळा सुटते, लग्न होते. मग सासरी दूध उतू जाते, भाकरी करपते, रेशनकार्ड सापडत नाही, आणि "माहेरी वळणच लावलं नाही" हे तिला आणि तिच्या आईला ऐकावे लागते. तीच बाई रात्री एक वाजेपर्यंत गोधडीची नक्षी टाके न चुकता घालते, हे कुणी जमेला धरत नाही.

हे वय वाढले म्हणून आपोआप जातेच असे नाही. धावाधाव कमी होते, पण विसराळूपणा, कामे अर्धवट राहणे, उतावळेपणा बऱ्याच जणांत मोठेपणीही राहतो. कर्जाच्या हप्त्याची तारीख हुकते, पीकविम्याचा अर्ज मुदत संपल्यावर आठवतो, बाजारात भाव न विचारता सौदा होतो. त्याच माणसाला रात्री-अपरात्री गावभरची माणसे मोटर दुरुस्तीला बोलावतात. मुलाला तपासायला नेल्यावर डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता बापच म्हणतो, "साहेब, मीपण असाच होतो. असाच आहे." हे डॉक्टरांना नवे नसते. त्या दिवशी मुलाबरोबर बापाच्याही डोक्यावरचा वर्षांचा भार उतरतो.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र ही नाही. अशा माणसांना अपघात जास्त होतात, आणि व्यसनाचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. शेतात मळणी यंत्र आहे, कडबाकुट्टी आहे, उघडी विहीर आहे, कीटकनाशके आहेत. एका क्षणाची चूक इथे महागात पडते.

ओळखावे कसे, दाखवावे कुठे?

प्रत्येक खोडकर पोर ए.डी.एच.डी.चे नसते. पोर म्हटले की थोडी चुळबुळ असणारच. यासाठी रक्ताची तपासणी नाही, फोटोही नाही. डॉक्टर आईबापांना आणि शिक्षकांना विचारतात. लक्षणे सहा महिन्यांहून जास्त काळ आहेत का, बारा वर्षांच्या आत सुरू झाली का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, आणि त्यांच्यामुळे मुलाचे खरेच अडते का, हे पाहतात.

त्याआधी आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. मुलाला नीट ऐकू येते का? फळ्यावरचे दिसते का? अंगात रक्त कमी आहे का? झोप पुरते का? क्षणभर भान जाणारी फिट तर नाही ना? घरात मृत्यू, भांडण, मारहाण असे काही घडले आहे का? अक्षरओळखीचीच वेगळी अडचण आहे का? यांपैकी काही असेल तर उपाय त्याचा करायचा.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुले तपासायला येते. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि त्याची अडचण शिक्षकांकरवी पथकाच्या कानावर घाला. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. बालरोगतज्ज्ञही मार्ग दाखवतील. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालू. "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेले" असे लोक म्हणतील म्हणून थांबू नका. डोळ्याला चष्मा लावला म्हणून कुणी आंधळा ठरत नाही.

औषधाविषयी दोन शब्द

लहान वयात, विशेषतः सहा वर्षांच्या आत, आधी पालकांना मुलाशी वागण्याची रीत शिकवतात. मोठ्या मुलांना गरज असेल तर औषध देतात. बहुतेकांना त्याचा गुण येतो. पण औषधाने आजार मुळातून जात नाही, गोळीचा अंमल असेपर्यंत दारे हातात राहते. भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून डॉक्टर वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहत राहतात. हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये, शेजारच्या मुलाला देऊ नये, मनाने वाढवू नये, मनाने बंदही करू नये. आणि नुसत्या गोळीने वही आपोआप भरत नाही. घराची साथ लागतेच.

घरात काय करावे?

खर्च न करता बरेच काही जमते.

काम सांगताना लांबून ओरडू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, त्याने तुमच्याकडे पाहिले की एकच काम सांगा. ते झाले की दुसरे. "गोठा झाड, पाणी भर आणि येताना लाकडं आण" यातले पहिलेच त्याच्या ध्यानात राहते.

रोजची कामे भिंतीवर खडूने लिहा किंवा चित्रे काढा. झाले की त्याच्याच हाताने रेघ मारू द्या. किल्ली, दप्तर, चप्पल यांना ठरलेली खुंटी आणि ठरलेला कोपरा. जे डोळ्यांपुढे नाही ते त्याच्यापुरते नाहीच.

अभ्यास पंधरा मिनिटांचा, मग पाच मिनिटे अंगण. उड्या मारू द्या, पाण्याची कळशी आणायला लावा. गुरुजींना भेटून पहिल्या बाकावर जागा मागा. फळा पुसणे, वह्या वाटणे असे उठबस करायचे काम त्याला द्यायला सांगा.

शाबासकी लगेच द्या. "पास झालास तर सायकल" हे लांबचे बक्षीस त्याला ओढत नाही. "पाच गणितं झाली, चल, वासराला दूध पाजायला तू" हे ओढते. चुकीबद्दल लहानशी, ठरलेली आणि तिथल्या तिथे शिक्षा असावी. मार देऊ नये. मारलेले त्याला आठवते, कशासाठी मारले ते विसरते.

तंद्रीची रीत वेगळी. तिच्यातून ओढून काढू नका, उतरायला पायरी द्या. "दहा मिनिटांनी जेवायचं" असे जवळ जाऊन सांगा, पाच मिनिटांनी हात लावून पुन्हा सांगा. थांबण्याची जागा कामातच ठरवा: "हा एवढा स्क्रू बसला की ऊठ." मोबाईलचा गजर लावून तो हाताच्या अंतराबाहेर ठेवा, म्हणजे बंद करायला तरी उठावे लागेल. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा. मोठ्या माणसांनीही मोटर चालू करतानाच बंद करायच्या वेळेचा गजर लावावा. चुलीवर दूध असताना चुलीपासून हलू नये, हलायचेच तर हातात पळी धरून हलावे. हातातली पळी दुधाची आठवण देते.

यंत्राशी, फवारणीच्या औषधाशी आणि विहिरीच्या काठाशी अशा मुलाला एकटे सोडू नका. हुशार असला तरी नाही.

आणि त्याचा वाफा शोधा. प्रत्येकाचा एक असतो. शेळ्यांच्या नोंदी ठेवायच्या आहेत? गणित तिथून सुरू करा. मोटरचे माहितीपत्रक वाचायचे आहे? वाचन तिथून. आवडीचे काम शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. दिवसभर बोलणी खाणाऱ्या मुलाला आपण कुठेतरी बरे आहोत हे कळण्याची ती एकच जागा असते.

शेवटी पुन्हा त्या रविवारच्या संध्याकाळकडे जाऊ. पंप सुरू झाला आहे, मुलाचे हात ग्रीसने माखले आहेत, जेवण निवले आहे, आणि गणिताची वही कोरीच आहे. तुमच्या तोंडावर ते ठरलेले वाक्य आले असेल. ते आज गिळा. आधी त्याला जेवायला वाढा. मग वही घेऊन त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "या पंपाच्या टाकीत सोळा लिटर पाणी मावतं. एकरात दहा टाक्या लागल्या, तर पाणी किती?"

तो मान वर करील. तिथून पुढचे दारे काही दिवस तुम्ही धरा, मग हळूहळू खोरे त्याच्या हातात द्या.